आईला गोकुळ पाहायचे आहे : मुंबईहून ब्रजचा (मथुरा-वृंदावन परिसराचा) प्रवास कसा आखावा?

माहीमकर (प्रश्न)

नमस्कार. माझी आई ७६ वर्षांची आहे. दर श्रावणात ती भागवताच्या दशमस्कंधाची पोथी वाचते, गोकुळाष्टमीच्या रात्री पाळणा म्हणते आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली हंडी फुटली की काल्याचा प्रसाद घेतल्याशिवाय जेवत नाही. इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितल्याचे मला आठवत नाही. यंदा मात्र पोथी मिटताना ती म्हणाली, "जिथे त्याने माती खाल्ली, ती जागा मला एकदा बघायची आहे."

मी एका यात्रा कंपनीचे पत्रक आणले. त्यात मथुरा आणि वृंदावन मिळून एक दिवस, आग्रा एक दिवस आणि गोकुळापुढे "वेळ मिळाल्यास" असे लिहिलेले आहे. जी जागा पाहण्यासाठी हा सगळा प्रवास करायचा, तीच वेळ मिळण्यावर सोडलेली पाहून मी ते पत्रक बाजूला ठेवले आणि आपणच आखणी करावी असे ठरवले.

आईचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाट जागेवर ती अर्धा तास सावकाश चालते, पण पायऱ्या चढताना आधार लागतो. आम्ही तिघे जाणार आहोत: आई, मी आणि माझी पत्नी. हाताशी पाच ते सहा दिवस आहेत. आईची इच्छा कार्तिक महिन्यात जाण्याची आहे. मला मुख्यतः एवढे समजून घ्यायचे आहे की ती म्हणते ती जागा नेमकी कुठे आहे, गोकुळ आणि वृंदावन यांपैकी मुक्काम कुठे करावा, आणि तिच्या पायांना झेपेल असा क्रम कोणता. जे वडीलधाऱ्यांना घेऊन जाऊन आले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पार्ल्याची वाचक

आपल्या आईंनी मागितलेली जागा ठरलेली आहे. यमुनेच्या पूर्व तीरावर, मथुरेपासून सुमारे पंधरा किलोमीटरवर महावन नावाचे गाव आहे आणि त्याच्या जवळ नदीकाठी ब्रह्मांडघाट आहे. कृष्णाने माती खाल्ली, यशोदेने "आ कर" म्हटले आणि त्या इवल्या मुखात तिला अवघे ब्रह्मांड दिसले, ती हीच जागा, असे परंपरा मानते. मी माझ्या सासूबाईंना घेऊन तिथे गेले होते. त्यांचेही वय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. आपण मराठी माणसे बोलताना गोकुळ आणि वृंदावन ही नावे एकाच गावाची असल्यासारखी वापरतो, पण ती दोन वेगळी गावे आहेत आणि यमुनेच्या दोन वेगळ्या काठांवर आहेत. मथुरा आणि वृंदावन पश्चिम तीरावर, तर गोकुळ आणि महावन पूर्व तीरावर आहेत. वसुदेवाला त्या रात्री नदी ओलांडावी लागली ती याच कारणाने. आज गोकुळ बंधाऱ्याच्या रस्त्याने गाडी काही मिनिटांत पलीकडे जाते, पण आईंना गाडीत त्या क्षणी सांगा की आता आपण यमुना ओलांडत आहोत. माझ्या सासूबाईंनी तिथे हात जोडले ते पलीकडचा काठ येईपर्यंत सोडले नाहीत.

आईंची पोथी दशमस्कंधाचीच असल्यामुळे प्रवासाचा क्रमही पोथीप्रमाणेच ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जन्म मथुरेत होतो. सहाव्या अध्यायापासून दहाव्यापर्यंतचे सगळे गोकुळात घडते: पूतना, शकटासुर, तृणावर्त, आठव्या अध्यायातले मृत्तिकाभक्षण, नवव्यातले उखळाला बांधणे आणि दहाव्यातले यमलार्जुन. अकराव्या अध्यायात वृद्ध उपनंद सांगतात की इथे मुलांवर संकटांमागून संकटे येत आहेत, आता ही जागा सोडावी. मग गाडे जुंपले जातात आणि सारा गोपपरिवार वृंदावनाकडे निघतो. वासरे राखणे, कालियामर्दन आणि गोवर्धन हे त्यानंतरचे आहे. म्हणजे रांगणारा, माती खाणारा, आईच्या हाती सापडणारा कृष्ण हा गोकुळाचा, आणि गुराखी कृष्ण हा वृंदावनाचा. बहुतेक यात्रा वृंदावनापासून सुरू होतात, कारण राहण्याची सोय तिथे अधिक आहे. आणि मग गोकुळ शेवटच्या दुपारी उरकले जाते. आपल्या बाबतीत तसे होऊ देऊ नये.

पहिल्या दिवशी मथुरेत उतरून विश्रांती घ्यावी आणि जमल्यास संध्याकाळी जन्मस्थानाचे दर्शन घ्यावे. तिथे सुरक्षा तपासणी कडक असते. मोबाइल, कॅमेरा आणि विजेवर चालणारी कोणतीही वस्तू आत नेता येत नाही. बाहेर सामान ठेवण्याची सोय आहे, पण निवासावरूनच रिकाम्या हाताने निघालेले बरे, म्हणजे आईंना आणखी एका रांगेत उभे राहावे लागत नाही.

दुसरा संपूर्ण दिवस गोकुळ-महावनासाठी राखून ठेवावा आणि सकाळी लवकर निघावे. आज ज्या वस्तीला गोकुळ म्हणतात, ती वल्लभ संप्रदायाच्या पीठामुळे सोळाव्या शतकात भरभराटीला आली. तिथल्या ठकुराणी घाटावर वल्लभाचार्यांना ब्रह्मसंबंधाचा, म्हणजे दीक्षेचा मंत्र मिळाला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. भुलेश्वरच्या हवेलीत, म्हणजे या संप्रदायाच्या मंदिरात, जी सेवापद्धती आपण पाहतो, तिचे मूळ इकडचे आहे. महावनाला मात्र लोक जुने गोकुळ म्हणतात. नंदभवन तिथे आहे. जुन्या कोरीव खांबांच्या त्या मंडपाला चौरासी खंबा असे नाव आहे आणि आत बाळकृष्णाचा पाळणा आहे, ज्याची दोरी आलेल्या भाविकांच्या हाती दिली जाते. आपल्या आई दरवर्षी घरी पाळणा म्हणतात असे आपण लिहिले आहे. त्यांना तिथेही म्हणू द्यावा. भाषा वेगळी असली तरी कोणी अडवत नाही. सासूबाईंनी म्हटला तेव्हा शेजारच्या ब्रजवासी बायका थांबून ऐकत राहिल्या होत्या.

नंदभवनापर्यंत थोडा चढ आणि काही पायऱ्या आहेत. तिथे घाई करू नये. रमणरेतीला मात्र काहीच चढ नाही. ती मऊ वाळूची सपाट जागा आहे, जिथे कृष्ण सवंगड्यांबरोबर लोळला असे मानतात आणि म्हणून आजही मोठी माणसे तिथे लहान मुलांसारखी वाळूत लोळताना दिसतात. ऊन चढण्यापूर्वी गेल्यास अनवाणी चालणे सुखाचे होते, आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला नुसते वाळूत बसून राहता येते. आम्ही तिथे दीड तास बसलो होतो आणि त्या दीड तासात पाहण्यासारखे दुसरे काही राहून गेले असे मला आजही वाटत नाही.

ब्रह्मांडघाट दिवसाच्या शेवटी ठेवावा. झाडांची सावली आहे, गर्दी वृंदावनाच्या मानाने फारच कमी असते आणि नदी समोर दिसते. प्रसाद म्हणून तिथे मातीचे पेढे मिळतात. कपाळाला लावावेत, देव्हाऱ्यात ठेवावेत. यमुनेचे पाणी मात्र आचमनासाठीही तोंडात घेऊ देऊ नये. प्रदूषण खरोखर गंभीर आहे आणि आईंचे वय पाहता केवळ हातावर घेऊन डोळ्यांना लावणे पुरेसे आहे. परत येताना गोकुळ आणि महावन यांच्या दरम्यान रसखान यांची समाधी लागते. मुसलमान घरात जन्मून ज्यांनी ब्रजभाषेत कृष्णाची पदे रचली, त्या कवीसाठी पाच मिनिटे थांबावे.

तिसरा आणि चौथा दिवस वृंदावनाला द्यावा आणि पाचवा गोवर्धनाला. वृंदावनाविषयी इतर जाणकार लिहितीलच.

मुलुंडकर

गाडी आणि महिना या दोन गोष्टींपुरते लिहितो.

मुंबई सेंट्रलहून मथुरा रेल्वेने सुमारे साडेबाराशे किलोमीटर आहे. ऑगस्ट क्रांती राजधानी मथुरेला थांबते; संध्याकाळी मुंबईहून निघून ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचते, त्यामुळे वृद्ध माणसाला एकच रात्र गाडीत काढावी लागते. गोल्डन टेंपल मेल आणि वांद्रे टर्मिनसहून सुटणारी पश्चिम एक्सप्रेस याही मथुरेला थांबतात, आणि मध्य रेल्वेच्या बाजूला राहणाऱ्यांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून पंजाब मेल आहे. आरक्षण आता १२० नव्हे, तर ६० दिवस आधी उघडते; हा बदल १ नोव्हेंबर २०२४ पासून झाला. त्यामुळे तारीख ठरवून ठेवावी आणि त्या सकाळीच तिकीट काढावे. आईंचे वय अचूक भरल्यास खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते.

महिन्याची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण तिथे आपली माणसे हमखास चुकतात. आपला महिना अमावास्येला संपतो, तर ब्रजमधला पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे सारखेच राहते, पण कृष्ण पक्षाचे नाव एका महिन्याने पुढे असते. म्हणून आपण जी श्रावण वद्य अष्टमी म्हणतो, ती तिथे भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. दिवस मात्र एकच. याच नियमाने ब्रजचा कार्तिक कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि कार्तिकी पौर्णिमेला संपतो. आपण दिवाळीच्या पाडव्यापासून कार्तिक धरून चाललो, तर तिथला अर्धा महिना तोवर उलटून गेलेला असतो.

त्या महिन्यालाच तिकडे दामोदर मास म्हणतात. दाम म्हणजे दोरी आणि उदर म्हणजे पोट. यशोदेने उखळाला बांधले त्या लीलेचे ते नाव आहे. गोकुळ पाहण्याची इच्छा असलेल्या आईंनी कार्तिकच निवडावा, यात मला फार औचित्य वाटते. गर्दी मात्र महिनाभर असते. बलिप्रतिपदेला गोवर्धनपूजा आणि अन्नकूट असतो, त्या दिवशी गोवर्धनाला पाऊल ठेवायला जागा नसते. माझे मत विचाराल, तर कोजागरीनंतर चार-पाच दिवसांनी जावे आणि दिवाळीपूर्वी परत यावे. तेव्हा उन्हाळा ओसरलेला असतो आणि धुके सुरू झालेले नसते. डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्यात उत्तरेकडील गाड्या कित्येक तास उशिरा धावतात आणि मे-जूनमधले ऊन आईंच्या वयाला सोसणार नाही.

गिरगावकर

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. मात्र गोकुळाला प्राधान्य देताना वृंदावनातील बांकेबिहारी, म्हणजे तिथले प्रसिद्ध कृष्णमंदिर, टाळावेत असा अर्थ कोणी घेऊ नये, म्हणून लिहितो.

बांकेबिहारींची मूर्ती स्वामी हरिदासांना निधिवनात प्राप्त झाली अशी श्रद्धा आहे आणि सध्याचे मंदिर १८६४ मधले आहे. तिथे सलग दर्शन होत नाही. मूर्तीपुढचा पडदा थोड्या थोड्या वेळाने ओढला जातो आणि पुन्हा उघडतो, कारण भक्ताने एकटक पाहिले तर ठाकूरजी त्याच्याबरोबर निघून जातील, असे तिथे मानतात. मंदिरात घंटा नाही आणि पहाटेची मंगला आरती वर्षातून एकदाच, जन्माष्टमीच्या रात्रीनंतर होते. रात्री उशिरापर्यंत खेळून दमलेल्या बाळाला पहाटे उठवायचे नाही, हा त्यामागचा भाव. आईच्या नजरेने देवाकडे पाहणारी ही सेवा आपल्या आईंना समजावून सांगावी लागणार नाही.

अडचण गर्दीची आहे आणि ती खरी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच वार्षिक मंगला आरतीच्या वेळी गर्दीत गुदमरून दोन भाविकांचा मृत्यू झाला होता. म्हणून जन्माष्टमी, एकादशी, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या टाळाव्यात, मंगळवार-बुधवारसारख्या दिवशी जावे आणि आत शिरल्यावर मधल्या लोंढ्यात न थांबता आईंना एका कडेला उभे करावे. दर्शनाच्या वेळा होळीनंतर आणि दिवाळीनंतर बदलतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी निवासावर विचारून घ्यावे. दुपारी बहुतेक सगळी मंदिरे काही तास बंद असतात, आणि ही वेळ आईंच्या विश्रांतीची धरावी.

गर्दी पाहून धीर झाला नाही, तर वाईट वाटून घेऊ नये. जवळच राधारमणांचे मंदिर आहे. गोपाळ भट्ट गोस्वामींच्या शाळिग्रामातून १५४२ मध्ये ही मूर्ती प्रकट झाली असे सांगतात. मोगल काळातील संकटात वृंदावनच्या अनेक मूर्ती बाहेर हलवाव्या लागल्या. गोविंददेव आज जयपूरला आहेत, मदनमोहन करौलीला, आणि गोवर्धनावरचे श्रीनाथजी नाथद्वाऱ्याला. राधारमण मात्र वृंदावन सोडून गेले नाहीत. मूर्ती हातभरही उंच नाही आणि बऱ्यापैकी जवळून पाहता येते. मी ज्या सकाळी गेलो होतो, त्या सकाळी तिथे बसायला जागा मिळाली आणि भजन ऐकता आले. गोविंददेवांचे लाल दगडी मंदिरही बाहेरून तरी पाहावे. आमेरच्या राजा मानसिंहाने १५९० मध्ये ते उभारले आणि वरचे मजले पडूनही त्याची भव्यता लपत नाही.

वृंदावनातील माकडे चष्मा पळवतात, हे अतिशय गांभीर्याने घ्यावे. वृद्ध माणसाचा चष्मा गेला तर पुढचे सगळे दर्शन वाया जाते, शिवाय दचकून तोल जाण्याची भीती असते. गल्ल्यांमध्ये चष्मा काढून पिशवीत ठेवावा, पत्नीने आईंचा हात धरावा आणि जुना चष्मा जास्तीचा म्हणून मुंबईहून बरोबर न्यावा.

गोवर्धनाची परिक्रमा २१ किलोमीटरची आहे आणि भाविक ती अनवाणी करतात. आईंसाठी ई-रिक्षा मिळते. तीत कमीपणा मानू नये. वाटेत कुसुम सरोवरावर अवश्य उतरावे. तिथल्या सुरेख छत्र्या भरतपूरचा जाट राजा सूरजमल याच्या स्मरणार्थ त्याच्या मुलाने, जवाहरसिंहाने बांधल्या. १७६१ मध्ये पानिपताहून उपाशी, जखमी अवस्थेत परतणाऱ्या मराठ्यांना ज्याने अन्न, वस्त्र आणि आसरा दिला, तोच हा सूरजमल. मराठी माणसाने तिथे दोन फुले वाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

माहीमकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पार्ल्याच्या ताईंचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. यमुना ओलांडण्याच्या वाक्यापाशी तिने मला थांबवले आणि ते पुन्हा वाचायला लावले. क्रम पोथीप्रमाणे ठेवायचा हे आता ठरले आहे. मुक्काम दोन रात्री मथुरेत आणि तीन रात्री वृंदावनात करू.

दोन शंका उरल्या आहेत. गोकुळात वाटाड्ये गोदानाच्या नावाखाली मोठ्या रकमेचा आग्रह धरतात असे ऐकले, त्याला कसे सामोरे जावे? आणि आईला ब्रह्मांडघाटाची चिमूटभर माती घरी आणायची आहे. तसे केलेले चालते का?

मुलुंडकर

पहिल्या शंकेपुरते सांगतो, कारण तो अनुभव मी घेतला आहे. गाडी थांबताच एक गृहस्थ पुढे आले, त्यांनी नम्रपणे माहिती सांगितली, आम्हाला मूर्तीपुढे बसवले, हातात पाणी देऊन संकल्प सांगायला सुरुवात केली आणि संकल्पाच्या मध्येच वर्षभराच्या गोसेवेची रक्कम उच्चारायला लावली. देवापुढे नाही म्हणणे माझ्या वडिलांना जड गेले आणि ते परतीच्या सगळ्या वाटेवर गप्प होते. पैशांपेक्षा त्यांचा तो विरस मला अजून सलतो. म्हणून वाटाड्या घ्यायचाच असेल, तर त्याचे मानधन गाडीतून उतरण्यापूर्वी ठरवावे, हातात पाणी घेऊन कोणताही आकडा बोलू नये, आणि आईंजवळ आधीच सुट्या नोटा देऊन ठेवाव्यात, म्हणजे त्यांना मनापासून जे द्यायचे आहे ते त्या स्वतःच्या हाताने पेटीत टाकतील. एवढे पुरते. गावातले सगळेच तसे नाहीत, हेही खरे आहे.

पार्ल्याची वाचक

मातीविषयी निःशंक असावे. ब्रजच्या धुळीला तिकडे रज म्हणतात, ती कपाळाला लावतात आणि अनेक जण पुरचुंडीत बांधून घरी नेतात. घाटावरची कोरडी माती चिमूटभर घ्यावी, आईंनाच घेऊ द्यावी. गोवर्धनाचा मात्र एक खडाही उचलू नये. त्या पर्वताची शिळा हे कृष्णाचेच रूप मानतात आणि ती ब्रजच्या बाहेर नेऊ नये, असा तिथला दृढ संकेत आहे. परिक्रमेत चपलेत अडकलेला खडासुद्धा जाणती माणसे काढून परत तिथेच ठेवतात.

जाताना घरून झाकणाची एखादी लहान डबी बरोबर न्या. आम्ही नेली नव्हती, म्हणून सासूबाईंनी ती माती पदराच्या टोकाला गाठ मारून मुंबईपर्यंत आणली आणि राजधानीत रात्रभर ती गाठ मुठीत धरून त्या झोपल्या होत्या.